ताईला मानवतं

आमच्या घराण्यात कोणी आजारी पडत नाही, असं अण्णा फार गंभीरपणे सांगत. सांगताना ते पलंगावर उताणे असत, एक बाजू लुळी पडलेली, आणि वाक्य पुरं होईपर्यंत ताई त्यांची हनुवटी पुसत असे.

ताई ही त्यांची थोरली मुलगी. लग्न केलं नाही. घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकून बायकांचे कपडे शिवते, आणि तिची कापणी चांगली म्हणून बायका दोन-दोन बस बदलून येतात. तिच्या बोटांचे सांधे मात्र बऱ्याच वर्षांपासून सुजतात. सकाळी मूठ वळत नाही. बरणीचं झाकण उघडायला शेजारीण लागते.

अण्णांना झटका आला आणि ताईने हॉस्पिटल अंगावर घेतलं. धावपळ, जागरणं, बाकावरची डुलकी. या सगळ्यात तिचे सांधे एकदम गप्प झाले. अण्णांना उचलून बसवताना तिची बोटं कुरकुरली नाहीत. हे तिच्या धाकट्या भावाने पाहिलं. धाकटा कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, आणि पुरेसं निरीक्षण केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये असं मुलांना दरवर्षी बजावतो. हे निरीक्षण त्याने एकदाच केलं, हॉस्पिटलच्या जिन्यात, फोनवर बोलता बोलता. निष्कर्ष निघाला की ताईला सेवा मानवते.

हा निष्कर्ष घरात सगळ्यांनाच मानवला. भावजय म्हणाली, ताईंच्या चेहऱ्यावर किती तेज आलंय बघा. लांबच्या आत्याने फोनवर, काही माणसं जन्माला येतानाच सोशिक येतात, असं सांगून फोन ठेवला. अण्णा ताईकडेच राहिले. त्यांना न्यायला कोणी नाही असं नव्हतं. पण तिच्या औषधावर घाला कोण घालणार?

वर्ष गेलं. अण्णांना हाक मारणं जमत नसे, म्हणून ते पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवत. पाणी हवं असलं तरी चमचा, पंखा नको असला तरी चमचा, आणि ताई जागी आहे ना हे बघायलाही चमचा. सांधे परत आले, ते आधीपेक्षा वाईट. त्यातच तिच्या बोटात सुई गेली. शिवणाऱ्या बाईच्या बोटात सुई जाणं ही काही बातमी नव्हे. संध्याकाळपर्यंत ते विसरायला होतं. हे विसरता येईना. जखम मिटायची, उलायची, ओलीच राहायची. कापडाला डाग लागतो म्हणून तिने लग्नाची एक मोठी ऑर्डर परत पाठवली.

धाकट्याने यावरही विचार केला. त्याच्या मते अण्णांची प्रकृती आता स्थिर झाल्यामुळे ताईला पुरेशी धावपळ उरली नव्हती. त्याच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तिलाही थोडे दिवस ताईकडे ठेवावं, असं त्याने सुचवलं.

त्यावर ताईने त्याला फक्त दवाखान्यात सोबत यायला सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली होती, ती नव्हती. त्यांनी पट्टी सोडून जखम पाहिली, तेव्हा धाकटा भिंतीवरचा यकृताचा तक्ता वाचत होता. बाईंनी ताईला विचारलं, रात्री किती वेळा उठता?

"झोपते कधी ते विचारा," ताई म्हणाली.

मग बाईंनी धाकट्याला बसवून समजावलं. संकट आलं की शरीर कॉर्टिसॉल सोडतं. ते सुजेला दटावतं, म्हणून सुरुवातीला काही जणांचे सांधे शांत राहतात. पण तेच रोज, महिनोन्‌महिने दटावत राहिलं की पेशी त्याचं ऐकेनाशा होतात. मग नको तिथे सूज मोकाट सुटते, आणि जखम भरायला ज्यांनी यायचं त्या पेशी वेळेवर येत नाहीत.

"हे मी दुसऱ्या वर्षाला शिकवतो," धाकटा म्हणाला. त्याला खरोखर बरं वाटलेलं दिसत होतं.

"मग सोपं झालं, सर. वडिलांना काही दिवस तुम्ही न्या."

धाकट्याने तिसरा मजला सांगितला, बिघडलेली लिफ्ट सांगितली, तपासायचे पेपर सांगितले. बायकोची पाठ सांगायला तो तोंड उघडत होता, तेव्हा ताईने हात टेबलावर ठेवले.

"मला सुईत दोरा ओवता येत नाही रे," ती म्हणाली. "माझं पोट त्याच्यावर आहे."

रविवारी अण्णा धाकट्याकडे गेले. चमचाही बरोबर गेला. पहिल्या आठवड्यात भावजयीला तोंड आलं, दुसऱ्यात धाकट्याला सर्दी झाली, आणि ती हटेना. ही हवा बदलल्यामुळे असल्याचं त्याने सांगितलं. दर दोन दिवसांनी त्याचा फोन येई. बोट कसं आहे, एवढंच विचारी. आवाजात माया असे आणि थोडी घाईही.

ताई पहिल्यांदा सलग झोपली तेव्हा दचकूनच उठली. नंतर सवय झाली. सकाळची मूठ हळूहळू वळू लागली. महिन्याभराने डॉक्टरीणबाईंनी बोट पाहिलं. कातडी धरली होती, फक्त फिकट खूण होती. आता पट्टीची गरज नाही, त्या म्हणाल्या.

ताईने बाहेर येऊन औषधाच्या दुकानातून पट्टीची नवी गुंडाळी घेतली.

शिवताना ती आड येते, म्हणून ताई पट्टी फक्त रविवारी लावते, अण्णांना भेटायला जाताना. ती सोडून बोट दाखव, असं तिथे अजून कोणी म्हटलेलं नाही.