बाक झालेली उडीची फळी

मित्रांनो, तलावाच्या भिंतीलगत ज्या बाकावर बसून तुम्ही पाय पुसता ना, तो मुळात बाक नाहीच. ती मी आहे, तीन मीटर उंचीवरची उडीची जुनी फळी. आता पाठीत लवचीकपणा उरला नाही, म्हणून मला इथे आणून टाकलं आहे. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू?

माझं अंग ॲल्युमिनियमचं आणि पाठ मुद्दाम खरखरीत केलेली, ओला पाय घसरू नये म्हणून. मी नवी असताना मला वर बसवलं, त्याच आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या टोकाशी येऊन रडत बसली. तलावाचं पाणी राखणाऱ्या काकांची ही धाकटी लेक. पाणी नेमकं कुठे सुरू होतं, तेच तिला वरून कळेना. स्वच्छ, स्थिर पाणी दिसतच नाही, मित्रांनो, नुसता तळ दिसतो. मग काकांनी रबरी नळीने पाण्यावर फवारा सोडला. पाणी थरथरलं, दिसू लागलं, आणि पोरीने उडी मारली.

पुढे चौदा वर्षं हाच शिरस्ता. बाबांचा फवारा आणि लेकीच्या उड्या, दिवसाला शंभर तरी. ती ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन आली तेव्हा सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. पदक परक्या फळीवरून मिळवलं म्हणून मी जरा फुगून बसले होते. पण दुसऱ्याच दिवशी तिने येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठला राग न् काय!

मग पुढच्या ऑलिम्पिकची तयारी रंगात आली, तशी ती पायाच्या बोटांनी माझी कड चाचपू लागली. रोज बाबांना फवारा मोठा करायला सांगू लागली. मला वाटलं, पदकाने बाईसाहेबांचे नखरे वाढले. शिकवणारे सर तिचे खांदे बघत, गुडघे बघत, पण डोळ्यांचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिला मात्र ठाऊक होतं. आधी उजव्या आणि आता डाव्या डोळ्यापुढेही अंधार सरकत होता. दुसऱ्या ऑलिम्पिकच्या निवडीला वीस दिवस उरले होते, म्हणून ती गप्प होती.

त्या सकाळी शेजारच्या तलावात मुलांचा गलका चालला होता. माझ्या टोकावर उभी राहून ती म्हणाली, "बाबा, फवारा सोडा ना."

काका नळी धरून खालीच उभे होते.

"बाळा, फवारा चालूच आहे."

ती मटकन खाली बसली. सरांना सांगू नका, एवढंच म्हणाली. काकांनी नळी टाकली आणि चपलांसकट ते शिडी चढून आले. इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच वर येत होते. लेकीचा हात धरून त्यांनी तिला एकेक पायरी खाली नेलं.

पाण्याचा मार बसून बसून डोळ्यांचे पडदे सुटले होते. शस्त्रक्रियेने डावा डोळा वाचला, उजवा गेला. तीन महिने आधी आली असतीस तर दोन्ही वाचले असते, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर तिने उडी मारली नाही.

मित्रांनो, दिसेनासं झालं, दुखू लागलं, तर त्याच दिवशी घरी सांगा. स्पर्धा कितीही मोठी असो, लपवू नका. मी निकामी झाले तेव्हा आठवड्याभरात माझ्या जागी नवी फळी बसवली. तिच्या डोळ्याच्या जागी बसवायला कुणाकडेच काही नव्हतं.