चिंचेखालचा पाण्याचा माठ

मित्रांनो, मी म्यानमारमधल्या इरावती नदीकाठच्या एका गावातला जुना माठ आहे. चिंचेखाली, लाकडी घडवंचीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांची तहान भागवत मी उभा आहे.

कुंभाराकडून मला समोरच्या घरातल्या दॉ तिन म्या या बाईंनी आणले. पहाटे त्या उरलेले पाणी झाडाला घालत, मला आतून काथ्याने घासत आणि ताजे पाणी भरत. सारे शांतपणे चाले. विहारातल्या भंतेंनी शिकवलेले त्या आपल्या मुलीला, युझानाला, सांगत, "पाणी भरतेस ना? मग मनही इथेच असू दे." गाडीवान ऊ बा चो रोज इथे थांबून म्हणे, "या माठाचं पाणी म्हणजे अमृत!" तेव्हा मी अभिमानाने फुलून जाई.

पुढे दॉ तिन म्यांचे गुडघे धरले आणि माझे काम युझानाकडे आले. तिची मासळीच्या रश्शाची आणि शेवयांची टपरी होती. एका सकाळी गिऱ्हाईक खोळंबले होते. "आज नुसती वरून भर घातली तर काय बिघडतंय?" ती पुटपुटली. खरेच, काहीच बिघडले नाही. म्हणून दुसऱ्या दिवशीही तिने तेच केले. मग झाकण उघडे राहू लागले. मग टपरीवरही कालचा रस्सा आजच्या पातेल्यात जाऊ लागला. कुणी काही विचारले की ती खेकसू लागली. माझ्या पोटात शेवाळ धरले. पण सांगायला मला वाचा नव्हती.

एका रणरणत्या दुपारी ऊ बा चोने पेला भरला, नाकाशी नेला आणि पाणी ओतून दिले.

"म्हातारी गेली वाटतं," तो हळहळत बैलांना म्हणाला.

दॉ तिन म्या घरात दाराआडच बसल्या होत्या. त्यांनी ते ऐकले.

संध्याकाळी त्यांनी ते सांगितले, तेव्हा युझाना उसळली, "एवढ्याशा पाण्यावरून किती बोलशील, आई?"

"अगं, दिवसभर आपण एवढ्याशाच गोष्टी करतो. मोठ्या कितीशा वाट्याला येतात? माणूस घडतं ते यातच."

युझाना वरमली. थोडे दिवस तिने मला घासले. पुन्हा घाई आली, पुन्हा 'उद्या' आला. पावसाळा सरता सरता दॉ तिन म्या गेल्या.

त्यानंतर एका पहाटे युझानाने मला खाली उतरवले. घासता घासता ती हुंदके देत होती. दुपारी बैलगाडी दिसताच ती पेला घेऊन रस्त्यावर धावली.

"काका, थांबा ना! पाणी ताजं आहे, आत्ताच भरलंय."

ऊ बा चोच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "तहान नाही गं, पोरी," तो म्हणाला आणि त्याने बैल हाकले.

आता ती रोज मला घासते. नवे वाटसरू पाणी पितात, तिला दुवा देतात. ऊ बा चो मात्र मान वळवूनही बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या दारातही माझ्यासारखे कुणी असेल. आजचे पाणी आजच बदला. शेवाळ घासून निघते हो. पण उठून गेलेला माणूस परत येईलच असे नाही.