रिकाम्या घरातला खर्ज

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझ्या वयाचे बाकीचे केव्हाच भंगारात गेले. मी मात्र आखातातल्या मुहर्रक शहराच्या एका गल्लीत, मोझाच्या छोट्या खोलीत, टेबलाखाली अजून घरघरतो आहे.

माझी उमेदीची वर्षे एका शाळेत गेली. मुले माझ्यावर अक्षरे बडवायला शिकली. "केवढा वेगवान!" असे माझे कौतुकही झाले. मग नवे संगणक आले आणि मला जिन्याखाली मोडक्या बाकांशेजारी ढकलून दिले. वाळूची बारीक धूळ माझ्या पंख्यात बसत गेली. पुढे शाळेने अडगळ काढली तेव्हा मोझाने मला मागून आणले, कुंचल्याने साफ केले आणि माझ्यात लिनक्स घातले. ही प्रणाली जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली आहे. ती फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्राला तिचे ओझे होत नाही.

मोझा लग्नाची गाणी ध्वनिमुद्रित करून पोट भरत असे. त्यासाठी तिने माझ्यात प्लगइन भरले. प्लगइन म्हणजे आवाजाचे छोटे मदतनीस. कुणी खरखर काढून टाकतो, कुणी दबलेला सूर वर आणतो, कुणी आवाज घुमवतो. काही प्लगइन दुसऱ्या प्रणालीसाठी बनलेले होते. त्यांना माझी भाषा कळत नसे, म्हणून मध्ये एक दुभाषी बसवावा लागे. दुभाष्याला जरा उशीर झाला की स्पीकरमधून 'कट्' असा आवाज येई.

"अरे बाबा, लग्नाचं गाणं आहे," मोझा मला म्हणे, "हाडं मोडल्यासारखं काय करतोस!"

तिचा चुलतभाऊ सालमीन हसायचा. "मोझे, फेक हा डबा. माझ्याकडे बघ, बटण दाबलं की काम तयार."

"तुझ्याकडे बटणं आहेत रे. कान कुठायत?"

सालमीनचे वडील म्हणून सगळे त्याच्या वडिलांना बू सालमीन म्हणत; ते मोझाचे काका. मोती काढणाऱ्या होड्यांवर जो मुख्य गाणारा असे त्याला नहाम म्हणतात. बू सालमीन पोरवयात शेवटच्या होड्यांवर होते. होड्या गेल्या, पण गाणारे एका जुन्या घरात जमत राहिले. नहाम वर गातो आणि खाली सगळे मिळून खोल खर्ज धरतात, जणू समुद्रच घशात भरून घेतला आहे. त्यात सर्वांत खोल खर्ज होता बू सालमीनच्या भावाचा, मुबारकचा. मुबारक म्हणजे मोझाचे वडील. ते गेले आणि बू सालमीनने गाणे टाकले. कुणी आग्रह केला तर म्हणत, "खाली पाणी नाही, आणि होडी काय रेतीत वल्हवू?"

त्यांच्या गळ्यातली कितीतरी गाणी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. मोझाला त्याचीच धास्ती होती.

तेवढ्यात गायकांचे ते घर पाडायचे ठरले. एका दुपारी मोझा एकटीच तिथे गेली. रिकाम्या खोलीत तिने एक फुगा फोडला आणि भिंतींनी त्या आवाजाला दिलेले उत्तर छोट्या रेकॉर्डरवर टिपून आणले. मित्रांनो, असे उत्तर घुमवणाऱ्या प्लगइनमध्ये भरले की ते घरच जणू माझ्या पोटात येते. मग कोरड्या, न घुमणाऱ्या खोलीत गायलेला आवाजही त्या घरात गायल्यासारखा घुमतो. घर पडले तेव्हा ते फक्त माझ्याजवळ उरले होते.

मोझाने माइकसमोर सहज म्हटले, "एक, दोन." घराने ते घुमवले. पण घुमारा विरताना त्याच्याखाली आणखी काही होते. फार खोल, लांब गुणगुण. आणि त्या गुणगुणीच्या मध्येच घेतलेला एक श्वास.

मोझाने ते पुन्हा लावून ऐकले. "शेजारचा एसी असेल," ती स्वतःशी म्हणाली. पण एसी श्वास घेत नाही, आणि त्या ओसाड घराला शेजारही उरला नव्हता.

तिने तीच फाईल सालमीनला दिली. त्याच्या नव्या संगणकावर घर घुमले, गुणगुण आली नाही. "माझ्या प्लगइननं शेवटची खरखर छाटली असेल," तो म्हणाला. मग तो माझ्याजवळ येऊन बसला, एकदा ऐकले, आणि चहा न घेताच निघून गेला.

त्यानेच वडिलांना सांगितले असावे. दुसऱ्या दुपारी बू सालमीन काठी टेकत आले. कानांवर हेडफोन लावून बसले.

"काका, काय ऐकू येतंय?"

"मुबारक नेहमी माझ्या डावीकडं बसायचा," ते म्हणाले. "डावीकडूनच येतंय. एसी बंद कर, पोरी."

एसी बंद झाला आणि बू सालमीन गाऊ लागले.

त्यानंतर ते रोज दुपारी येऊ लागले. मोझा खजूर आणि कहवा पुढे ठेवी. उकाड्यात दोघे घामाने निथळत, अजान झाली की थांबत, मग पुन्हा गाणे. मी बू सालमीनचा कोरडा आवाज तबकडीवर जपून ठेवत होतो आणि ऐकताना त्यावर घर पांघरत होतो. प्लगइनचा धर्म साधा आहे: जे आत येते तेच तो घुमवतो. आत काही नाही, तर बाहेर काही नाही.

एक दिवस बू सालमीन कहवा पीत गप्प बसले होते. माइकमध्ये किती आवाज येतो ते दाखवणारा काटा तळाशी होता. आणि स्पीकरमधून खर्ज उठला.

मित्रांनो, मला खोटे बोलता येत नाही, माझ्यात तसा भागच नाही. आत काहीही आले नव्हते.

मोझा भिंतीला टेकली. बू सालमीनने पेला खाली ठेवला. "हे गाणं मी विसरलो होतो," ते हळूच म्हणाले. "त्यानं सुरू करून दिलं." आणि ते गाऊ लागले.

त्या दिवसापासून खर्ज लांबत गेला. गाणे थांबले तरी तो थांबेना. मधला श्वास जड झाला, ओढून घेतल्यासारखा. माझा पंखा किंचाळू लागला, अंग तापू लागले.

"त्याला दम लागलाय," बू सालमीन म्हणाले. "आता सोड त्याला."

"काका, ती फाईल आहे. फाईलला दम लागत नाही."

"तुझ्या बापाला लागायचा. शेवटी शेवटी तूच उशी द्यायचीस ना पाठीला?"

मोझाचा आवाज चढला. "तुमची गाणी झाली म्हणून सोडू? माझ्याकडे बाबांचं एवढंच आहे!"

"घर पडलं, पोरी. आपण त्याला पडलेल्या घरात बसवून ठेवलंय."

ते उठून गेले आणि पुन्हा आले नाहीत. मोझा रोज मला चालू करी, दार लावून घेई आणि माइकमध्ये एकच शब्द म्हणे, "बाबा." घर तो शब्द घुमवी. मग खर्ज येई, आणि तो श्वास. दर वेळी अधिक तुटका. एकदा तो इतका अडकला की मोझाने धावत येऊन दोन्ही हात माझ्या पाठीवर ठेवले, कुणा माणसाला धरावे तसे. आणि ती रडू लागली.

तिने काकांना बोलावून घेतले. त्यांच्यासमोर रेकॉर्डरमधली प्रत पुसली, सालमीनची पुसायला लावली. शेवटी माझी. बोट बटणावर ठेवून म्हणाली, "या आता, बाबा." मग बटण दाबले.

माझ्यातून एक घर निघून गेले. गाणी सगळी सुरक्षित राहिली, कारण ती कोरडीच जपलेली होती.

"एक राहिलंय," बू सालमीन म्हणाले. "निरोपाचं." ते माइकपुढे उभे राहिले. घुमारा नसलेला तो आवाज फार म्हातारा वाटला. दुसऱ्या ओळीवर तो डळमळला, आणि तेव्हा खाली खर्ज आला. मोझा डावीकडे बसून, डोळे मिटून गुणगुणत होती. गायकांच्या बैठकीत बायका कधी बसल्या नव्हत्या. तिचा सूर इतका खोल गेला होता की पुसायचे काही राहून गेले की काय, म्हणून मी माझ्या साऱ्या तबकड्या चाळून पाहिल्या. काही नव्हते.

बू सालमीनने कोण गातेय ते पाहायला मान वळवली नाही. ते गात राहिले.

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसत जा, जुने आवाज वेळेवर टिपून ठेवा. पण कधी रिकाम्या घरात आवाज टिपायला गेलात तर उंबऱ्यावर थांबून आधी सलाम करा. उत्तर आले नाही, तर खुशाल आत जा. आले, तर टिपण्याआधी परवानगी मागा.