एकाच दावणीच्या दोघी

कळसच्या अनसूयाकाकूंनी दहा गुंठ्यांतला ऊस मोडून आमच्या केंद्राचं नवं गवत लावलं, तेव्हा त्यांचे दीर कुंडलिकराव माझ्यासमोरच म्हणाले होते, "मॅडम, गवत कापणीला आल्यापासनं तीन महिनं देतो. कागदावर दूध वाढलं तर गवत ऱ्हाईल, न्हायतर पुन्हा ऊस." जमीन त्यांच्या नावावर, म्हणून शब्दही त्यांचाच. काकूंना ते गवत जिवापाड हवं होतं. लोकांच्या फडातून वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, डोक्यावर वाहून त्यांची मान कायमची आखडली होती.

मी बारामतीच्या एका चारा संशोधन केंद्रात काम करते. आमची पद्धत अशी की एकाच आठवड्यात व्यालेल्या दोन गाई घ्यायच्या, एकीला नवं गवत, दुसरीला नेहमीचं वाढं घालायचं आणि रोज दूध मोजायचं. फरक दिसला की गवत पास. आमच्या साहेबांना सगळंच असं सोपं वाटतं.

तीन महिन्यांनी काकूंची दुधाची वही उघडली, तर गवतावरच्या गाईचं आणि वाढ्यावरच्या चंद्रीचं दूध जवळजवळ सारखं.

"काकू, चंद्रीला वाढंच घातलं ना?"

"घातलं की." मग पदर सावरत त्या म्हणाल्या, "गवत बी घातलं. दोघींना अर्धं अर्धं. एकाच दावणीला हायत त्या. एकीनं हिरवं खायाचं आन दुसरीनं तोंडाकडं बघायचं? पंगतीत असा भेद केला तर पाप लागतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी नगं म्हनला असता."

म्हणालेच असते. मी चिडून प्रयोगातल्या बाकीच्या अकरा गोठ्यांत चौकशी केली. नऊ ठिकाणी हाच प्रकार. पंगतीत वाढण्यात डावं-उजवं झालं तर ताटावरून उठणारी माणसं आम्ही. मीही त्यांच्यातच वाढले. तरी दोन गाई शेजारी बांधताना हे माझ्या डोक्यात आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "योजनेची मुदत संपली. फरक नाही, एवढंच लिहा." लहान शेतकऱ्याला या गवताचा फायदा नाही, असं लिहिलं गेलं आणि खाली मी सही केली.

निकाल सांगायला मी कळसला गेले तेव्हा कुंडलिकरावांचा ट्रॅक्टर बांधावर उभा होता. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. काकू कंबरभर गवतात उभ्या होत्या. मला पाहून त्या लगबगीनं आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, चंद्रीला घरामागं बांधते. तिला दिसायचंच न्हाय. आजपासनं एकीलाच घालते, पाप लागलं तर लागू द्या. तुमी फकस्त पुन्हा मोजा."

आता मोजायला कुणी येणार नाही, हे मी त्यांना सांगेपर्यंत ट्रॅक्टर सुरू झाला.