बाहुली उकिडवी बसते

दोरीवरच्या बाहुल्यांनी केलेल्या भुताच्या सिनेमाचा दुसरा भाग यूट्यूबवर आला, तेव्हा बोरी बुद्रुकच्या शकुबाईंनी तो लेक साक्षीच्या मोबाइलवर पाहिला. पडद्यामागून त्या बाहुल्या हलवणारा त्यांचा मुलगा रत्नदीप होता. “बाहुल्या नाचवून पोट भरतं का?” असं त्या बोलल्या, म्हणून तो रुसून मुंबईला गेला होता. तेव्हापासून तो आईचा फोन उचलत नव्हता.

“लोक काय म्हणत्यात?” त्यांनी विचारलं.

साक्षी प्रतिक्रिया वाचू लागली. “‘पहिला भाग बरा होता, राव.’ ‘दोऱ्या दिसतात, भाऊ, जरा अंधार तरी करायचा!’ ‘हे भूत आहे का कांदे कापणारी बाई? उकिडवी सरकतीये. हसून मेलो.’”

साक्षीलाही हसू आलं. शकुबाई म्हणाल्या, “ती सरकती तिथं परत लाव.”

बाहुलीने पदर खोचला, विळा सावरला आणि ती उकिडवी पुढे सरकली. वावरात कांद्याची पात कापताना शकुबाई अशाच सरकायच्या.

“आई, ही तूच की!”

“व्हय. पर आता मला तसं बसवत न्हाई. गुडघं धरल्यात. त्याला कुठनं ठावं असणार?” त्यांनी प्रतिक्रियांवर बोट ठेवलं. “तिथं आपल्याला लिहिता येतं का?”

“येतं की. काय लिहू?”

“लिही, बाई आता पाटावर बसती. कांदा काढायला आलाय, येऊन बघून जा.”

“खाली तुझं नाव टाकू?”

“नको. नावाबिगर बी त्याला कळंल.”

साक्षीने ते पाठवलं. शकुबाईंनी मोबाइल मागून घेतला आणि हसणाऱ्या लोकांमधली आपली ओळ त्या बघत बसल्या.