व्याह्यांची गाडी जड लागते

व्याह्यांची गाडी एकोणीस वर्षांची झाली आणि एके सकाळी फाटकाशी लालभडक ऑइलचं थारोळं सोडून निघून गेली. सुनेला वाटलं, मांजर गेलं. मांजर फाटकावर बसून तेच बघत होतं. मग सुनेने आपल्या वडिलांना फोन केला, कारण वडील मोटार मिस्त्री होते, आणि मुलगी दिलेल्या घरची गाडी म्हणजे आपलीच जबाबदारी, असं ते लग्नापासून धरून चालले होते.

फोनवर ती हळू आवाजात बोलत होती. फाटकाच्या खांबाला गाडी महिन्यात दोनदा घासली होती. तिच्या नवऱ्याचं म्हणणं होतं, की अण्णांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, आता गाडी चालवू नये. गाडी दुरुस्तच झाली नाही तर कुणालाच वाईटपणा घ्यावा लागणार नाही. मिस्त्रींनी तिला समजावलं, की ऑइल गळालं म्हणजे पॉवर स्टिअरिंगची पॉवर गेली, उरलं ते नुसतं स्टिअरिंग. अशी गाडी पैलवानानेही खांबाला घासली असती. गळती बंद झाली की तक्रार संपली.

आणि गाडी बंद राहणं परवडणारं नव्हतंच. विहीणबाई दीड वर्षापासून टेकडीपलीकडच्या शुश्रूषागृहात होत्या. त्यांना आता फारसं काही आठवत नसे, पण दुपारी दोनला व्याही येतात आणि भरवतात एवढं पक्कं होतं. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की त्या तोंड मिटून घेत. नर्सने करून पाहिलं, मुलाने करून पाहिलं. बसने जायचं तर दोन बस बदलून माणूस चारला पोचायचा, आणि तोवर ताट परत गेलेलं असायचं. थोडक्यात, गाडी गेली नाही तर विहीणबाई जेवत नसत.

मिस्त्रींची एक पद्धत होती. दुरुस्तीआधी गिऱ्हाइकाला गाडी चालवायला लावायची आणि आपण शेजारी गप्प बसायचं. निम्मे बिघाड गिऱ्हाइकातच सापडतात, असा त्यांचा अनुभव होता. पण हे गिऱ्हाईक नव्हतं, व्याही होते. मुलीच्या सासऱ्यांना "जरा चालवून दाखवा" म्हणणं म्हणजे त्यांची परीक्षा घेतल्यासारखं, आणि उद्या हा विषय मुलीच्या स्वयंपाकघरात निघाला असता. म्हणून मिस्त्रींनी चक्कर स्वतः मारली आणि व्याह्यांना खुर्ची दिली.

गळती शोधायला दहा मिनिटं लागली. पंपाकडून निघणारा जाड पाइप सांध्याशी पाझरत होता. मिस्त्रींनी नवा पाइप टाकला, ऑइल भरलं, पुढची चाकं उचलून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत ऑइलच्या डबीतले हवेचे बुडबुडे घालवले. स्टिअरिंग एका बोटाने फिरू लागलं. रात्री व्याह्यांच्या फाटकाशी गाडीखाली कागद अंथरून ठेवला, तो सकाळपर्यंत कोरा राहिला. मांजराने तोही तपासला.

चार दिवसांनी व्याही परत आले. म्हणाले, गाडी अजून जड लागते.

व्याही खोटं कशाला बोलतील? मिस्त्रींनी पंप उतरवला, सील बदलली, पुन्हा स्वतः चक्कर मारली. लोण्यासारखी. पाच दिवसांनी व्याही पुन्हा दारात. काम छान झालं आहे, पण जड लागते, असं त्यांनी अगदी संकोचून सांगितलं. मग मिस्त्रींनी चाकं वळवणारा आख्खा रॅकच खाली घेतला. ते काम म्हणजे माणसाच्या कमरेचं ऑपरेशन. आत सगळं चकाचक होतं. चांगली चीज उगाच खोलल्याची लाज वाटून त्यांनी ती पुसूनपासून, नवीन सील घालून परत बसवली आणि हे कुणाला बोलले नाहीत. चौतीस वर्षं या धंद्यात काढून एक गळती जमत नाही, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. तिला ते त्यांच्या जेवणावरून कळलं.

तिसऱ्यांदा व्याही आले तेव्हा मिस्त्री दुसऱ्याच एका गाडीखाली उताणे पडले होते. तिथून त्यांना फक्त व्याह्यांच्या गाडीची पुढची चाकं दिसत होती. अंगणात वळताना चाकं जराशी वळली, थांबली, पुन्हा जराशी वळली, थांबली. रॅक अडकत असेल तर अशी वळतात. किंवा एकच हात स्टिअरिंग ओढत असेल आणि पुढची पकड घ्यायला दर वेळी सोडत असेल तर.

मिस्त्री बाहेर आले. व्याह्यांचा डावा हात मांडीवर होता. मिस्त्री दिसताच त्यांनी तो उजव्या हाताने उचलून स्टिअरिंगवर ठेवला. पाहुण्याला जागा दाखवावी तसा.

मिस्त्री शेजारच्या सीटवर बसले आणि तीन आठवड्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणाले. एक चक्कर मारू या. व्याह्यांनी उजवा हात पलीकडे नेऊन गिअर टाकला आणि कोपऱ्यापर्यंत गाडी नेली. वळणावर डावा हात स्टिअरिंगसोबत थोडा गेला आणि गळून पडला. समोरून एक सायकलवाली येत होती. ती मुकाट्याने फुटपाथवर चढली. व्याह्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"गाडी पहिल्याच दिवशी बरी झाली होती, व्याही," मिस्त्री म्हणाले.

"मला वाटलं, तुम्ही आहात तर जमवाल काहीतरी."

डॉक्टरांना दाखवलं होतं. मानेतली नस दबली होती, आणि डॉक्टरांनी नुसती मान हलवली होती, ज्यात ते तरबेज असतात. घरी सांगितलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, घरच्यांना सांगावं लागेल.

"सांगा ना. हात गेला म्हटलं की मला तिथेच नेऊन ठेवतील. तिच्याजवळ ठेवलं तर माझी ना नाही हो. पण पुरुषांची इमारत वेगळी आहे. मधे कुंपण आहे." व्याह्यांनी काच वर केली, जणू थंडी होती. "तुम्ही असं सांगा, गाडी गेली. गाडी जाण्यात काही कमीपणा नाही."

चौतीस वर्षांत मिस्त्रींनी मेलेल्या गाड्यांना जिवंत म्हटलं होतं; तो धंदाच आहे. पण धडधाकट गाडीला मेलेली कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी मुलीला फोन करून सांगितलं, की गाडी गेली. मुलगी म्हणाली, बरं झालं, आणि मग रडली. जावयाला मात्र शंका आली. सासरेबुवा तीन आठवडे झटत होते आणि एकदम हात वर करतात? दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तो गाड्यांतलं कळणाऱ्या एका मित्राला घेऊन बघायला येणार होता.

शुक्रवारी संध्याकाळी मिस्त्रींनी शटर अर्धं ओढलं, पाना घेतला आणि स्वतः बसवलेल्या नव्या पाइपचा सांधा दीड आटा सैल केला. ऑइल लगेच आलं नाही. काम पक्कं झालं होतं. त्यांनी आणखी अर्धा आटा दिला तेव्हा पहिला थेंब पडला. खाली ट्रे ठेवायला त्यांचा हात सवयीने गेला, तो त्यांनी मागे घेतला.

शनिवारी मित्राने वाकून थारोळं पाहिलं, त्यात बोट बुडवलं, बोटाचा वास घेतला आणि रॅक बाद झाल्याचं जाहीर केलं. या वयाच्या गाडीत जीव नसतो, असंही त्याने मिस्त्रींना समजावलं. मिस्त्रींनी मान डोलावली. जावई म्हणाला की तुम्ही प्रयत्न केलेत हे आम्ही विसरणार नाही. ते जास्त लागलं.

त्याच दुपारपासून मिस्त्री दीड वाजता गॅरेज बंद करून व्याह्यांना आपल्या व्हॅनमधून नेऊ लागले. घरच्यांना त्यात मिस्त्रींचा मोठेपणा दिसला. व्हॅनला पॉवर स्टिअरिंग नव्हतंच. टेकडीच्या वळणांवर मिस्त्री घामाघूम होत आणि व्याही शेजारून गिअर सुचवत.

पहिल्या दिवशी मिस्त्री खोलीच्या दाराशीच थांबले. विहीणबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. व्याह्यांनी सूपची वाटी दोन गुडघ्यांत धरली आणि उजव्या हाताने चमचा भरला. वाटी कलली. बरंचसं सूप पँटवर गेलं, आणि पँटवर आधीचे, धुऊनही न गेलेले डाग मिस्त्रींना दिसले. रोज असंच चाललं असणार. मिस्त्री आत गेले आणि त्यांनी वाटी धरली.

विहीणबाईंनी चमचा तोंडात घेण्याआधी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मुलाच्या लग्नात याच बाईंनी त्यांच्याकडून पाच वेळा खुर्च्या हलवून घेतल्या होत्या.

"हे कोण?"

"ड्रायव्हर," व्याही म्हणाले.

मिस्त्रींनी वाटी जरा वर धरली. विहीणबाई आठ चमचे जेवल्या आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. परतीच्या वाटेवर व्याह्यांनी रुमालाने पँट पुसली. मग टेकडी उतरताना म्हणाले, रोज दहा घेते. तुम्ही वाटी फार लांब धरता.