बद्द आवाजाची भिंत

संग्रहालयात आधुनिक कलेचं प्रदर्शन लागलं होतं आणि लेकीच्या परीक्षेचा तो दिवस होता. तिचं काम म्हणजे लोकांना कलाकृती समजावून सांगणं. आज मोठ्या साहेबांसमोर जमलं तर नोकरी कायम, नाहीतर घरी. म्हणून तिने बापाला बजावलं होतं, "बाबा, या, बघा, पण तोंडातून चकार शब्द काढायचा नाही."

बाप गवंडी. चाळीस वर्षं गिलावा करून पाठ वाकलेली. तो शहाण्यासारखा गप्प राहिला. एका रिकाम्या खुर्चीपुढे पाच शिकलीसवरली माणसं हळहळत होती, तिथेही राहिला. टांगलेल्या फाटक्या गोणीला तर त्याने नमस्कारच केला. कोण जाणे, केवढी मोठी असेल!

मग आली भिंत. दालनाच्या मधोमध, दीड पुरुष उंच, नुसता गिलावा केलेली. नाव 'मौन'.

"कलावंताने हा गिलावा स्वतःच्या हातांनी चढवला आहे," लेक सांगू लागली.

ते सांगायची गरज नव्हती. दिसतच होतं.

भिंत दिसली की बोटाच्या पेराने वाजवायची, ही गवंड्याची जुनी खोड. त्याने वाजवली. बद्द आवाज. वरच्या अंगाला वाजवली, तिथेही बद्द. विटा न भिजवताच काम उरकलं होतं कलावंताने! कोरड्या विटांनी गिलावा धरलाच नव्हता, अख्खा थर सुटलेला, आणि खाली लोक माना वर करून मौन ऐकत उभे.

"हात लावू नका!" साहेब खेकसले. "कोण आहे हा माणूस?"

 पण बापाचं ते वाजवणं ऐकतच लेक लहानाची मोठी झाली होती.

"माझे वडील. मागे सरका सगळे! आधी सरका!"

लोक सरकले. काहीच झालं नाही. साहेबांनी तिच्या नावावर फुली मारायला पेन काढलं, आणि 'मौन' धाडकन खाली आलं.

धुरळ्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी मान लववून त्या स्वीकारल्या. मग बापलेकीला कोपऱ्यात घेतलं.

"नोकरी पक्की. पण उद्या कलावंत यायच्या आत भिंत होती तशी झाली पाहिजे."

"विटा न भिजवता?" बापाने विचारलं.

"अर्थात. मूळ कलाकृती आहे ती!"

 बापाने थापी मागवली आणि जन्मातलं पहिलं वाईट काम अगदी जीव ओतून केलं. शिवाय भिंतीपासून चार पावलांवर चारी बाजूंनी दोरी बांधली.

"हे काय?" साहेब दचकले.

"ही पण कलाच आहे, साहेब."

"असं? नाव काय हिचं?"

"अक्कल," बाप म्हणाला.

साहेबांनी ते वहीत नीट लिहून घेतलं.